घर कोरडं, हवा खेळती : रोजच्या कामातच बसतील अशा सवयी

आरोग्याच्या नावाखाली घरात काय काय येतं बघा. एअर फ्रायर येतो, चिया सीड्स येतात आणि डब्यात तशाच पडून राहतात, कुणीतरी फॉरवर्ड केलं म्हणून तांब्याची बाटली येते, आणि इकडे ओट्यावर तेच ओलं फडकं वास मारत पडलेलं असतं ज्यानं सांडलेलं दूधही पुसलं जातं आणि जेवायची ताटंही. माझं सरळ मत आहे की मुंबई-ठाणे-कोकणपट्टीच्या घरांत, आणि पावसाळ्यात पुण्या-नाशकाकडेसुद्धा, घरात सारखं कुणीतरी खोकतंय, कुणाचं तरी पोट बिघडलंय असं होत असेल तर आधी दोन गोष्टी शोधायच्या : ओल कुठे राहतेय आणि हवा कुठे कोंडतेय. बाकीचं खरेदीचं नंतर बघू.

आणि सवय वेगळी लावायला जाऊ नका, टिकत नाही. "उद्यापासून रोज सहाला उठून अमुक" हे गुरुवारपर्यंत चालतं. जे काम आपण आधीच करतोय त्यालाच बांधून टाकायचं, म्हणजे चहाचं आधण ठेवलं की खिडक्या उघडायच्या, शेवटची अंघोळ झाली की वायपर मारायचा, रात्री ओटा आवरला की फडकं धुवायचं. वेगळं लक्षात ठेवावं लागलं की ते राहतंच.

खिडक्या, धूर आणि कबुतरं

सकाळी चहा उकळेपर्यंत समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या टाका, किंवा एक खिडकी आणि मुख्य दार (सेफ्टी डोअर लावून). एकच खिडकी उघडून फारसं काही होत नाही, हवेला आत यायला आणि बाहेर जायला अशा दोन वाटा लागतात. उठल्या उठल्या अंथरुणाची घडी घालायची घाई नको, रात्रभराचा घाम असतो त्यात, थोडा वेळ पंख्याखाली मोकळं राहू दे मग घडी घाला, कारण गादीतल्या धुळीत जे सूक्ष्म किडे असतात, ज्यांच्यामुळे बऱ्याच जणांना सकाळी उठल्यावर शिंका येतात, त्यांना दमटपणा आवडतो. फक्त डिसेंबर-जानेवारीत जरा डोकं वापरा, थंडीत सकाळची हवा खाली बसलेली असते आणि गाड्यांचा, शेकोट्यांचा, बांधकामाच्या धुळीचा सगळा मामला त्यात अडकलेला असतो, तेव्हा रस्त्याकडेच्या फ्लॅटवाल्यांनी खिडक्या सकाळी सातऐवजी दुपारी उघडलेल्या बऱ्या.

किचनमधला एक्झॉस्ट फॅन किंवा चिमणी फोडणी जळायला लागल्यावर नाही, गॅस पेटवतानाच चालू करायची आणि गॅस बंद केल्यावर अजून पाच-दहा मिनिटं चालू ठेवायची. तुमच्या घरात हवा बाहेर जाते की नाही याची टेस्ट सोपी आहे, मिरचीची फोडणी दिली की बेडरूममध्ये बसलेला माणूस खोकला तर जात नाहीये! मग जाळी काढून बघा, तेलाच्या चिकट थरानं बुजलेली असणार. गरम पाणी, धुण्याचा सोडा, तासभर भिजवा, निघतं.

अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल यांचा धूर हा धूरच असतो, त्यात चांगला धूर नावाचा प्रकार नाही. देवापुढे लावायची तर लावा की, खिडकी उघडी ठेवून लावा, एक लावा. पण रात्री दारं-खिडक्या बंद करून पलंगाखाली कॉइल पेटवून लहान मूल झोपवणं हे मात्र खरंच बंद करा. मच्छरदाणी स्वस्त आहे, धुता येते, वास नाही, वीज नाही, आणि आता ती छत्रीसारखी उघडणारी मिळते त्यामुळे खिळे ठोकायचं कारणसुद्धा उरलेलं नाही.

कबुतरांचा विषय निघाला की लोक भांडायला उठतात. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून काय गदारोळ झाला, थेट हायकोर्टापर्यंत गेलं, ते सगळ्यांनी बघितलं. दाणे घालावेत की नाही यावर मी इथे वाद घालत नाही, पण एसीच्या आउटडोअर युनिटमागे साठलेली विष्ठा हा तुमच्या घराचा प्रश्न आहे. ती वाळली की तिची पूड हवेत उडते आणि ती वर्षानुवर्षं श्वासातून जात राहिली तर काही लोकांच्या फुप्फुसाला कायमचा त्रास होतो. साफ करताना कोरडा झाडू अजिबात फिरवायचा नाही. आधी साबणाचं पाणी शिंपडून ओलं करा, मास्क लावा, मग खरवडून पिशवीत भरा, आणि लगेच जाळी लावून घ्या नाहीतर चार दिवसांत घरटं पुन्हा तिथंच.

याच भागातली सगळ्यात गंभीर गोष्ट म्हणजे बाथरूममधला गॅस गिझर. दर थंडीत कुठेतरी बातमी येते, अंघोळीला गेलेली व्यक्ती बाहेरच आली नाही. बंद बाथरूममध्ये गॅस जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, ठसका नाही, आधी डोकं जड होतं, गरगरतं आणि मग पायातला जोरच जातो. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून फक्त गरम पाण्याचा पाइप आत घ्या. ते होईपर्यंत बादल्या भरून घ्या, गिझर बंद करा, मग अंघोळीला जा. दार लावून गिझर चालू ठेवून अंघोळ नाही म्हणजे नाही. आणि गॅसच्या नळीवर छापलेली तारीख पण बघून घ्या, सुरक्षा होजची मुदत पाच वर्षं असते. एलपीजी गळतीचा वास आला तर तक्रारीचा नंबर १९०६, तो फ्रिजवर चिकटवून टाका.

ओट्यावरचं फडकं

हे फडकं हातात घेऊन एकदा नीट बघा. कडेला पिवळट झालंय, मध्ये हळदीचा डाग, पिळलं की गढूळ पाणी, आणि नाकाजवळ नेलं तर आंबूस वास. तो वास म्हणजेच आत जंतू वाढताहेत. ते ओलं गोळा करून नळाच्या मागे टाकलं जातं, रात्रभर तसंच, सकाळी त्यानंच पोळपाट पुसायचा. यावर उपाय एकदम बिनपैशाचा आहे. जुने सुती पंचे, धोतर, सुती साडी, काय असेल ते फाडून फडक्यांचा गठ्ठा करा, रोज सकाळी एक कोरडं काढायचं, रात्री साबणानं धुवून दोरीवर पसरून टाकायचं. पसरून, गोळा करून नाही. ओट्याचं वेगळं, भांडी पुसायचं वेगळं, हात पुसायचं वेगळं, आणि पोतेरं तर या तिघांच्या जवळपाससुद्धा नको. आठवड्यातून एकदा सगळी फडकी सोडा घालून उकळा. भांड्यांची घासणी सुद्धा वापरून झाली की पिळून उभी ठेवायची, साबणाच्या डबीत पाण्यात लोळत ठेवायची नाही. ज्यांच्याकडे भांड्याला मावशी येतात त्यांनी घासणी संपायची वाट बघू नका, मावशींनी "ताई, नवी आणा" म्हणायच्या आत आणून ठेवा.

बाथरूमला फार काही नको, शेवटच्या माणसानं वायपर मारायचा, बादली-टमरेल पालथं घालायचं, टॉवेल बाहेर वाळत टाकायचा, दार उघडं. घरात शेवटी अंघोळ कोण करतं यावरून जी वादावादी होईल ती तुमची तुम्ही बघा.

पावसाळ्यात कपडे वाळवणं हे आमच्याकडचं खरं संकट. आठ-आठ दिवस ऊन नाही, हॉलमध्ये दोऱ्या, आणि त्या ओल्या कपड्यांचं पाणी कुठे जातं? तुमच्याच भिंतीत. मशीनवर कपडे अजून एकदा स्पिन करा, एकावर एक न टाकता हवा जाईल असे टाका, खाली पंखा लावा, खिडकी थोडी उघडी ठेवा. ज्या खोलीत झोपता तिथे शक्यतो नकोच. दम्याचा माणूस घरात असेल तर याबाबतीत अजिबात सवलत नाही. कपाटं भिंतीला चिकटवलेली असतात ती चार बोटं पुढे ओढा, मागे हवा फिरू द्या, आणि पाऊस उघडला त्या दिवशी कपाटाची दारं दिवसभर सताड उघडी.

भिंतीवर काळे ठिपके आले की पहिल्यांदा रंगारी बोलावतात. रंग ओलीवर बसत नाही हो, दिवाळीला मारलेला रंग पुढच्या श्रावणात पापुद्रे होऊन खाली. आधी पाणी येतंय कुठून ते शोधा, वरच्यांचं बाथरूम, बाहेरच्या प्लास्टरला गेलेली चीर, का खिडकीच्या चौकटीचा सांधा. वरच्यांशी आणि सोसायटीच्या सेक्रेटरीशी बोलणं हा या गाइडमधला सगळ्यात अवघड भाग, त्यावर माझ्याकडे टिप नाही. ठिपके पुसताना मास्क लावून साबणाच्या पाण्यानं ओल्या फडक्यानं पुसा, कोरडं घासलं तर बुरशीची पूड घरभर. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची : ब्लीच आणि अॅसिडवालं टॉयलेट क्लीनर कधीच एकत्र वापरायचं नाही. "दोन्ही टाकलं म्हणजे जास्त स्वच्छ" असं वाटतं, पण त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि छोट्या बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. एका दिवशी एकच.

फ्रिजच्या मागचा ट्रे

डेंग्यूचा डास गटारातला असतो असं अजून पुष्कळ जणांना वाटतं. डेंग्यू पसरवणाऱ्या या एडिस डासाला स्वच्छ, साचलेलं पाणी लागतं, तेही बाटलीच्या झाकणाएवढं पुरतं. आता फ्रिज पुढे ओढा आणि खाली मागच्या बाजूला कॉम्प्रेसरजवळ बघा, बऱ्याच फ्रिजना तिथे एक प्लास्टिकचा ट्रे असतो, बर्फ वितळलेलं पाणी त्यात उतरतं. महिनोन् महिने कुणी हात लावलेला नसतो. टॉर्च मारा. पाण्यात छोटे छोटे काळपट धागे डोकं खाली करून लटकलेले दिसले आणि टॉर्चचा उजेड पडताच वळवळत खाली पळाले, तर ते डास आहेत, पंख फुटायचे बाकी.

अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा, नगरपालिका-ग्रामपंचायत ओरडून ओरडून सांगतात ते याचसाठी. रविवारी केस धुवायचे, तेव्हाच हे पण. फ्रिजचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा, मनी प्लांटची बाटली, कूलर, गच्चीवरचं जुनं टायर, न वापरलेल्या टॉयलेटचा फ्लश टँक, पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाण्याचं भांडं. नुसतं पाणी ओतून द्यायचं नाही, आतून घासायचं, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात, पुन्हा पाणी मिळालं की चालू. पिंप रिकामं करणं शक्य नसेल, पाणी दिवसाआड येतं अशा गावांत ते शक्य नसतंच, तर तोंडाला जुनी सुती साडी घट्ट बांधा. हा डास दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळी जास्त, म्हणून दुपारी झोपलेल्या बाळालाही मच्छरदाणी हवी. पावसाळ्यात ताप आला तर मनानं आयबुप्रोफेन किंवा अॅस्पिरिनवाल्या गोळ्या घेऊ नका, डेंग्यू असेल तर त्यानं रक्तस्राव वाढू शकतो. डॉक्टरकडे जाईपर्यंत साधी पॅरासिटामॉल.

पाणी

प्यायच्या पाण्याच्या मशीनवर लोक पंधरा-वीस हजार घालतात आणि सोसायटीची टाकी कधी धुतली ते कुणालाच माहीत नसतं. मुंबईचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा धरणांचं, मुळात मऊ, त्याला आरओची तशी गरजच नाही, जंतूंसाठी यूव्ही किंवा उकळणं पुरतं. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं सुद्धा ज्या भागात पाण्याचा टीडीएस (म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ५०० च्या खाली आहे तिथे आरओ बंद करायला सांगितलं होतं, कारण त्यात किती पाणी वाया जातं. बोअरवेलचं खारट, जड पाणी असेल तिथे आरओ घ्या. उकळायचं तर खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, आणि मग झाकून त्याच भांड्यात गार करा. दुसऱ्या भांड्यात ओतलं, ते भांडं पुसलं त्या फडक्यानं, मग उकळलं कशाला!

माठात पेला बुडवू नका, लांब दांड्याचं ओगराळं ठेवा किंवा तोटीचा माठ घ्या. माठ आठवड्यातून एकदा आतून नुसत्या पाण्यानं घासून उन्हात पालथा घाला, साबण नको, माती तो पिते. तांब्याच्या भांड्यात फक्त पाणी. ताक, लिंबू सरबत, चिंचेचं काही त्यात गेलं की ते कळकतं, आपल्या आज्यांना हे माहीत होतं म्हणून तर कल्हईवाला दारावर यायचा.

कुबट शेंगदाणे, शिळा भात, मिठाचा पुडा

आपल्या घरी दाण्याचं कूट नाही असा दिवस नाही. साबुदाणा खिचडी, कोशिंबीर, भरली वांगी, सगळीकडे कूट. पण पावसाळ्यात शेंगदाण्याला ओल लागली की त्यावर एक बुरशी धरते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते, ते यकृताला वाईट, आणि भाजून, तळून, शिजवून ते पूर्ण जात नाही. त्यामुळे "भाजले की चालतंय" हे चालत नाही. भाजायच्या आधी परातीत पसरून निवडा : सुरकुतलेला, काळपट, हिरवट छटेचा, फुटल्यावर आत राखाडी दिसणारा दाणा बाजूला. अख्ख्या डब्याला कुबट वास असेल तर डबा टाकून द्या, जीव तुटतो पण टाका. खाताना एखादा कडू लागला तर गिळू नका, थुंका. जूनच्या आधी महिन्यापुरतेच घ्या, वर्षाचे नकोत, आणि डब्यात ओला चमचा घालणाऱ्याला घरातून नाही पण किचनमधून तरी बाहेर काढा. मिरची पावडर, मका, सुकं खोबरं यांनाही हेच लागू.

भात उरतोच. तो कुकरमध्येच झाकून रात्रभर ओट्यावर ठेवणं आणि सकाळी फोडणीचा भात करणं हे घरोघरी चालतं, पण उकाड्याच्या दिवसांत उरलेल्या भातात एक जंतू वाढतो, त्याचं विष एकदा तयार झालं की कढईत कितीही परता, जात नाही, मग ओकाऱ्या. जेवणं झाली की भात पसरट डब्यात काढा म्हणजे लवकर गार होईल, शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी संपवा. फोडणीचा भात खुशाल करा, फ्रिजमधल्या भाताचा तर जास्त मोकळा होतो.

मिठाचं गणित घरी करता येतं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण एक सपाट छोटा चमचा. चार मोठी माणसं म्हणजे दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे एक किलोचा पुडा निदान ५० दिवस जायला हवा. पुडा उघडला की त्यावर पेननं तारीख लिहा. महिन्यात संपत असेल तर माणशी आठ ग्रॅमच्या वर जातंय, आणि यात लोणचं, पापड, फरसाण, बाहेरचा वडापाव धरलेलाच नाही. कमी करायचं तर एकदम नको, घरात बंड होईल. आधी जेवणाच्या टेबलावरची मिठाची वाटी हलवा, कणकेतलं आणि भातातलं मीठ बंद करा, कुणाला कळतसुद्धा नाही. ताटात डावीकडे लिंबाची फोड मात्र कायम ठेवा, आंबट असलं की अळणी खपतं आणि पालेभाजी-डाळीतलं लोह अंगी लागायला लिंबू मदत करतं. उलट जेवणाला चिकटून घेतलेला चहा तेच लोह अडवतो, त्यामुळे चहा तासाभरानं.

तेलाचंही तसंच, माणशी महिन्याला अर्धा लिटर असं डॉक्टर साधारण सांगतात, किराण्याची यादी काढून भागाकार करा आणि गप्प बसा. तळून उरलेलं तेल गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवायचं, पुन्हा तळायला नाही. काळं पडलं, फेस यायला लागला, नीट तापायच्या आधीच धूर यायला लागला की संपलं त्याचं. हॉटेलवाल्यांना तर २०१८ पासून एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) मर्यादाच आहे, तेलातले बिघडलेले घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही. घरात मीटर नसतो, डोळे आणि नाक असतं.

चालणं, झोप आणि घरातले म्हातारे

व्यायामावर लिहिणारे पुष्कळ आहेत, मी एवढंच सांगते की रात्रीच्या जेवणानंतरची शतपावली खरंच कामाची आहे, जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तर रक्तातली साखर कमी उसळते, मधुमेह असलेल्यांनी तर सोडूच नये. पावसात पार्किंगमध्ये चाला, नाहीतर पॅसेजमध्ये. फोनचा चार्जर हॉलमध्ये लावा, बेडरूममध्ये नको, झोपेचं निम्मं काम तिथेच होतं.

घरात सत्तरीच्या पुढचं माणूस असेल तर ओलीचा आणखी एक धोका म्हणजे घसरणं, विशेषतः रात्री बाथरूमला जाताना. रात्री झोपायच्या आधी बाथरूमची फरशी कोरडी आहे का ते एकदा बघा. पलंगापासून बाथरूमपर्यंत छोटा नाइट लॅम्प ठेवा. दारातलं जुनं गुळगुळीत पायपुसणं काढून खाली रबर असलेलं घ्या, आणि रबरी स्लीपरचे तळवे झिजलेत का ते उलटं करून बघा, म्हातारी माणसं चप्पल तुटेपर्यंत टाकत नाहीत. कमोडशेजारी धरायला हँडल बसवायचं तर टाइलला नुसतं चिकटणारं सक्शनवालं घेऊ नका, ते ऐन वेळी सुटतं. प्लंबरला बोलवून भिंतीत ड्रिल मारून स्टीलचंच बसवा, आणि बसवून झालं की त्याच्यासमोर स्वतः पूर्ण वजन टाकून ओढून बघा, मगच पैसे द्या.